सायकल दिनाचा मुहूर्त

२० सप्टेंबर २०१९ला अर्थमंत्र्यांनी गोव्यातून जाहीर केलं: कंपनी कर ३० टक्क्यांवरून २२, नव्या कारखान्यांना तर १५. सरकारने वर्षाच्या १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडलं. का, तर उद्योग वाढतील, हातांना काम मिळेल.

पुढच्याच ३ जूनला गाझियाबादेत, साहिबाबादच्या अ‍ॅटलस सायकल कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली. पैसे संपले, कामगारांना ले-ऑफ. (त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. मुहूर्त कुणी काढला, देव जाणे.)

सवलत नफ्यावरच्या करात. नफाच नसेल त्याला २२ काय नि १५ काय! टकल्याला कंगव्यावर सूट.

नोटिशीत एक बजावलं होतं: हजेरी रोज लावायची. काम नाही, पण खाडा चालणार नाही.