टेबलाची मिरास

एप्रिल महिन्याच्या अखेरीस, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे केंद्रांवरून अजून यावयाचे असतात आणि आवक-जावकच्या खिडकीवरील पंखा नुकताच दुरुस्तीस गेलेला असतो अशा मुहूर्तावर, आमच्या परिचयातील एका विद्यापीठाच्या कुलसचिव कार्यालयातून दरवर्षी एक परिपत्रक निघते. एकाच टेबलावर तीन वर्षांहून अधिक काळ व्यतीत केलेल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची माहिती सोबतच्या विहित नमुन्यात सात दिवसांच्या आत सादर करावी, असा त्याचा मजकूर असतो. आणि ही माहिती संकलित करण्याचे काम ज्या वरिष्ठ सहायकांकडे असते, ते आस्थापना विभागात आपल्या जागी इतक्या दीर्घ काळापासून विराजमान आहेत की, त्यांचा स्वतःचा रुजू अहवाल शोधावयाचा तर अभिलेख कक्षाची किल्ली लागेल, आणि ती किल्ली त्यांच्याच खणात असते.

बदलीचे तत्त्व कोणा आधुनिक व्यवस्थापनतज्ज्ञाने विलायतेहून आणले, असा जो समज या परिपत्रकाच्या प्रास्ताविकातून डोकावतो, तो मात्र निराधार आहे. एका अधिकरणावर अनेक प्रमुख असावेत आणि त्यांपैकी कोणासही तेथे कायमचे ठेवू नये, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले असून, राजद्रव्य गिळण्याचे चाळीस प्रकारही त्याने तेथेच मोजून ठेवले आहेत. आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाचा हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी, तर सबनीस आणि कारखानीस पाच वर्षांनी बदलण्याचा दंडक आहे. तलवारवाल्यापेक्षा लेखणीवाल्यास अधिक मुदत देण्यात अमात्यांचे शहाणपण दिसते, कारण नव्या माणसास दप्तर कळू लागेपर्यंत किती काळ जातो हे त्यांस पुरते ठाऊक असणार. आमच्या काळी केंद्रीय दक्षता आयोग संवेदनशील जागांवरील माणसे दर दोन-तीन वर्षांनी हलविण्याची ताकीद देत आला आहे, आणि महाराष्ट्र शासनाने तर 2005 साली बदल्यांचा कायदाच केला. त्यात तीन वर्षांचा सर्वसाधारण कार्यकाल आहे, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत करण्याचे बंधन आहे, आणि कोणतीही नस्ती सामान्यतः सात कार्यदिवसांहून अधिक काळ कोणाकडेही पडून राहू नये, असे एक रम्य कलमही आहे. परंतु हा कायदा शासकीय कर्मचाऱ्यांसाठी, विद्यापीठे स्वायत्त. स्वायत्ततेचा असा प्रत्यक्ष उपयोग पाहिला म्हणजे तिच्याविषयीचा आदर दुणावतो.

खरे पाहता महाराष्ट्राच्या मातीचा ओढा बदलीकडे नसून वतनाकडे आहे. परगणा व कुलकर्णी वतने 1951 च्या मे महिन्यात खालसा झाली, मुलकी पाटलांची पदे 1962 च्या कायद्याने संपुष्टात आली, आणि समाजशास्त्रज्ञांनी एका युगाचा अंत झाला असे लिहून ठेवले. वतन गेले, हे मान्य. पण ते गेले कोठे, याचा तपास मात्र कोणी केला नाही. आम्ही तो केला असून ते विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत, पहिल्या मजल्यावर, पात्रता विभागात सुखरूप आहे. तेथील भाऊसाहेबांच्या टेबलास जुन्या वतनाची सर्व लक्षणे आहेत. त्यास सीमा आहेत, म्हणजे डावीकडे पोलादी कपाट आणि उजवीकडे खिडकी. त्यास हक्क-लाजिमे आहेत, म्हणजे परीक्षेच्या हंगामातील मानधन आणि दिवाळीच्या सुमारास संलग्न महाविद्यालयांच्या लिपिकांनी स्नेहापोटी आणलेले मिठाईचे पुडे. त्यास मानपान आहे, म्हणजे प्राचार्यही येथे आले असता खुर्ची रिकामी होईपर्यंत उभे राहतात. सनद तेवढी नाही. पण सनदेची गरज तरी काय, भाऊसाहेबांच्या आधी तेथे कोण बसत असे हे सांगणारा मनुष्य आता सेवेत उरलेला नाही.

ही मिरास टिकते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. कुलगुरूंचा पाच वर्षांचा कार्यकाल कायद्यात लिहिलेला आहे, म्हणून तो संपतो. भाऊसाहेबांचे ज्ञान कोठेही लिहिलेले नाही, म्हणून ते संपत नाही. दुसऱ्या राज्यातील मंडळाची परीक्षा देऊन आलेल्या मुलाने स्थलांतर प्रमाणपत्र केव्हा द्यावे, तात्पुरती पात्रता अंतिम केव्हा होते, जुन्या अभ्यासक्रमात एक विषय राहिलेला विद्यार्थी नव्या अभ्यासक्रमाच्या कोणत्या वर्षास बसू शकतो, आणि या प्रश्नावर विद्यापरिषदेने केलेला ठराव नंतरच्या कोणत्या परिपत्रकाने निम्मा फिरविला, या साऱ्याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात नसून एका निळ्या वहीत आहे आणि ती वही सायंकाळी भाऊसाहेबांच्या पिशवीतून घरी जाते. कार्यपद्धतीची पुस्तिका तयार करावी, असा एक प्रस्ताव मध्यंतरी आला होता. ती तयार करण्यासाठी सर्वांत योग्य व्यक्ती म्हणून एकमताने भाऊसाहेबांचीच निवड झाली, आणि पुस्तिका अद्याप प्रगतिपथावर आहे.

तथापि बदलीचा आदेश निघतच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गतवर्षी भाऊसाहेबांची भांडार विभागात बदली झाली. त्यांना विधिवत कार्यमुक्त करण्यात आले, त्यांनी भांडारात रुजू होऊन हजेरीपटावर सही केली, आणि त्याच दिवशी पात्रता विभागाच्या अधिकाऱ्यांनी असे टिपण सादर केले की, प्रवेशाचा काळ असल्याने व प्रकरणांची निकड लक्षात घेता, कामकाजाच्या सोयीसाठी त्यांच्या सेवा उसनवार तत्त्वावर पुढील आदेशापर्यंत परत मिळाव्यात. पुढील आदेश ही संज्ञा आमच्या प्रशासनात मोक्षाच्या अर्थाने वापरतात. तिची वाट पाहावयाची असते, ती प्राप्त व्हावयाची नसते. भाऊसाहेबांचे वेतन आता भांडारातून निघते, टेबल पात्रता विभागात आहे, आणि विहित नमुन्यात त्यांनी 'सध्याच्या पदावरील कालावधी' या रकान्यात नि:शंक मनाने 'एक वर्ष' असे लिहिले आहे.

मग बदल्या होतात तरी कोणाच्या? आकडा तर भरावा लागतो, कारण व्यवस्थापन परिषदेस अहवाल जातो. तेव्हा संवेदनशील आणि असंवेदनशील टेबलांची वर्गवारी करण्यासाठी समिती बसते. या समितीसमोर प्रत्येक मिरासदार आपले टेबल अत्यंत निरुपद्रवी असून तेथे कोणाचाही काही लाभ होणे संभवनीय नाही, असे प्रतिपादन करतो. आणि तोच मिरासदार परीक्षा मानधनाच्या दरवाढीच्या अर्जात त्याच टेबलाची जोखीम, गोपनीयता आणि मानसिक ताण यांचे असे वर्णन करतो की, वाचणाऱ्याने गहिवरावे. शेवटी संवेदनशील ठरतात ती वसतिगृह, उद्यान, क्रीडा आणि अतिथिगृह येथील टेबले, आणि तेथील कनिष्ठ लिपिक परस्परांच्या जागी पाठविले जातात. नव्याने सेवेत आलेली, कोणा पदाधिकाऱ्याच्या ओळखीची नसलेली एखादी कनिष्ठ लिपिक मुलगी क्रीडा विभागातून अतिथिगृहात, तेथून दूरशिक्षणात, तेथून अभिलेख कक्षात अशी निघते, आणि प्रत्येक ठिकाणी काम कळू लागले की तिचे तेथील काम संपते. तिने गोपनीय अहवालातील शेऱ्याविषयी विचारणा केली तेव्हा, कोणत्याही एका विषयाचे सखोल ज्ञान नाही, असे नमूद असल्याचे तिला कळविण्यात आले. अभिलेख कक्षाच्या धुळीचे एक वैशिष्ट्य येथे सांगितले पाहिजे. तिची बाधा केवळ सेवाज्येष्ठांस होते. तशी वैद्यकीय प्रमाणपत्रे नस्तीत आहेत. कनिष्ठ लिपिकांच्या खोकल्यास अद्याप शासनमान्य रुग्णालयाचा दाखला मिळालेला नाही.

जुन्या गावगाड्यात मिरासदाराच्या जोडीला उपरी असे. जमीन कसावयाची त्याने, पण तिच्यावर पिढीजात हक्क सांगावयाचा नाही. विद्यापीठातही रिक्त पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत, तेव्हा ठोक मानधनावर अकरा महिन्यांच्या आदेशाने आलेला तरुण हा आमचा उपरी. पात्रता विभागातील संगणकाचा पासवर्ड त्यास ठाऊक आहे, भाऊसाहेबांच्या वहीतील अक्षर त्यास लागते, आणि दिवसभर खिडकीशी उभ्या असलेल्या मुलामुलींना 'बसा' असे म्हणणारा संपूर्ण इमारतीतील तो एकटाच आहे. बदलीच्या विहित नमुन्यात त्याच्यासाठी रकाना नाही, कारण आस्थापनेवर तो नाही. अकरा महिने भरले की त्याला खंड द्यावा लागतो, आणि विद्यापीठाच्या सर्व नियमांपैकी हा एकच नियम आम्ही विनाविलंब, विनाशिफारस आणि विनाअपील अमलात येताना पाहिला आहे.

यंदा कर्मचारी संघटनेने बदल्यांतील अन्यायाविरुद्ध निवेदन दिले. सेवाज्येष्ठतेचा मान राखला जावा आणि ज्येष्ठांना अकारण हलवू नये, अशी त्यात मागणी होती. संघटनेचे पदाधिकारी ज्येष्ठ असतात, हे लक्षात घेता ती स्वाभाविक होती. निवेदन टंकलिखित करण्यासाठी उपऱ्यास बोलावण्यात आले. प्रशासनाने त्यास सविस्तर उत्तर देण्याचे ठरविले, आणि त्या उत्तराच्या टंकलेखनासाठीही त्यालाच बोलावण्यात आले. त्याने दोन्हींतील ऱ्हस्वदीर्घ सुधारले, निवेदनातील परिपत्रकाचा चुकलेला क्रमांक दुरुस्त केला आणि त्याच चुकीवर आधारलेला उत्तरातील सर्वांत प्रभावी परिच्छेद त्यामुळे गाळावा लागेल, हे नम्रपणे अधीक्षकांच्या निदर्शनास आणले. त्यानंतरच्या सोमवारी त्याचे अकरा महिने भरले. संगणक उघडेना, उत्तर त्यातच राहिले, आणि प्रवेशाच्या मुलांची रांग जिन्यापर्यंत गेली. तेव्हा संघटना आणि प्रशासन यांच्यात कित्येक वर्षांत प्रथमच एकमत होऊन, सदर उमेदवारास तातडीने पुनर्नियुक्ती द्यावी, असे संयुक्त टिपण कुलसचिवांकडे पाठविण्यात आले. ते टंकलिखित करण्यास कोणी नसल्यामुळे भाऊसाहेबांनी स्वहस्ते लिहिले, आणि त्यांचे अक्षर कुलसचिव कार्यालयात कोणास लागत नसल्यामुळे ते स्पष्टीकरणासाठी पात्रता विभागाकडे परत आले आहे.