पाण्याला वळण नाही

पावसाळा आला की उरण-पनवेल पट्ट्यातून ओरड सुरू होते: पाणी घरात शिरलं. ओरड नेहमी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या नावाने. पाण्याविरुद्ध कुणी ब्र काढत नाही. हा सरासर एकतर्फी प्रकार आहे.

प्रशासनाने काय कमी केलं? उलव्याचा डोंगर नको तिथे उंच होता आणि शेजारचं खाजण नको तिथे खोल. सुरुंग लावून डोंगर उतरवला, त्याच्याच दगडाने खाजण भरलं आणि १,१६० हेक्टरांवर नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. उलवे नदी मध्ये येत होती, तिला बाजूने वाट काढून दिली. आता सरकारी खर्चाने नवी वाट मिळाल्यावरही पाणी जुनीच जागा शोधत येत असेल, तर दोष कुणाचा?

नद्यांना वळण लावण्याचा आपला अनुभव दांडगा आहे. मुंबईत सांताक्रूझच्या धावपट्टीसाठी मिठी नदीला काटकोनात वळवलं होतं. २६ जुलै २००५ला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी सगळे काटकोन विसरली. एवढा धडा मिळाल्यावर दुसऱ्या विमानतळासाठी दुसरी नदी वळवणं ओघानेच आलं.

डोंगराबद्दल मात्र उगाच गळे काढले जातात. चार महिन्यांचं पाणी पोटात धरायचं आणि पुढे थेंबाथेंबाने झऱ्यात, विहिरीत सोडायचं, हाच ना त्याचा उद्योग? व्यापाऱ्याने केली तर याला साठेबाजी म्हणतात. आता सगळा माल एकाच दिवशी बाजारात येतो. गुडघाभर.

पारसिक डोंगराच्या कुशीतल्या दगडखाणींनीही नवी मुंबईला खडी पुरवली, क्रशरची पांढरी भुकटी वर फुकट. पहिल्या सरीबरोबर ती नाल्यात उतरते आणि गाळ होऊन बसते. मग नालेसफाई होते, म्हणजे गाळ काढून नाल्याच्याच काठावर रचून ठेवतात. दुसऱ्या सरीला तो आपल्या पायांनी घरी परततो. बिल मात्र पहिल्या फेरीचंच लागत असावं, अशी आशा आहे.

जुन्या आगरी लोकांची सोय अगदीच बाळबोध. खाडीला मातीचा बांध घालायचा, त्यात एक झडप बसवायची, तिला म्हणायचं उघाडी. भरती आली की खाडीच्याच रेट्याने झडप मिटते, ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, टेंडर नाही, उद्घाटन नाही. विकासाला वावच नाही. सिडकोने हेच तत्त्व मोठ्या धारण तलावांत आणलं. तलावांत गाळ साचला, गाळात खारफुटी उगवली, आणि खारफुटी काढायची तर हायकोर्टाची परवानगी लागते. भर पावसात भरती आली की झडपा बंद, तलाव आधीच भरलेले आणि बाहेर जाण्याच्या वाटेवर भराव. पाणी रस्त्यावर येऊन थांबतं. यालाच अतिवृष्टी म्हणण्याची पद्धत आहे.

पूर्वी परवानगीची भानगड सोपी होती. अठराव्या शतकात मुंबईत वरळीचा बांध सारखा कोसळत होता. मग रामजी शिवजी या कंत्राटदाराच्या स्वप्नात महालक्ष्मी आली, समुद्रातून मूर्ती निघाल्या आणि बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. देवीने निदान समोर येऊन अट तरी घातली. हल्लीच्या अटी पर्यावरण मंजुरीच्या कागदावर असतात, आणि कागद भिजतो.

विमानतळाशेजारच्या, पारगावजवळच्या डुंगी गावाचं प्रकरण तर आदर्श आहे. भोवतीचा भराव चढत गेला, गाव बशीत राहिलं, पाणी चुलीपर्यंत आलं. उपाय निघाला: गाव हलवायचं. डोंगर हलवला, नदी हलवली, गावाने काय घोडं मारलंय?

डुंगीकरांनी धीर मात्र सोडू नये. खुर्शेद नरिमन यांनी १९२०च्या दशकात मुंबईच्या बॅकबे भरावातला गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला, त्यातून ते सुटले, आणि पुढे बॅकबेच्या भरावावरच्याच महागड्या टोकाला त्यांचं नाव मिळालं. त्या हिशेबाने विमानतळावरच्या एखाद्या पार्किंगला ‘डुंगी’ म्हणायला हरकत नसावी. तळघरातलं असेल तर जास्त शोभेल.