देवाकडे पाठ

ऑर्गन बघायला आलेला माणूस ओळखणं फार सोपं आहे. चर्चमध्ये शिरल्याशिरल्या तो देवाकडे पाठ करतो. वेदी पूर्वेला आणि ऑर्गन पश्चिमेच्या सज्जावर. त्यामुळे दारातून चार पावलं पुढे जायचं, गर्रकन वळायचं, मान वर करायची आणि तोंड उघडं ठेवून उभं राहायचं, हाच त्याचा नमस्कार. समोर कोरीव वेदी असो, छतावर ढगांत बसलेले देवदूत रंगवलेले असोत, त्याचं तिकडे लक्ष नसतं. स्वागताला आलेले पाद्रीबाबा हात पुढे करून त्याच्या पाठीमागे ताटकळतात. हा न वळताच विचारतो, "दर्शनी नळ्या मूळच्या, की १९१७ नंतरच्या?"

१९१७ साली महायुद्धासाठी कथील कमी पडलं, म्हणून जर्मन सरकारनं चर्चमधल्या ऑर्गनच्या पुढच्या, चकचकीत नळ्या काढून नेल्या. त्या महायुद्धात आणखीही बरंच काही झालं, पण आमच्या गृहस्थाच्या लेखी झालं ते एवढंच.

ही जात हॉलंडात आणि इंग्लंडातही मुबलक आहे. माझ्या पाहण्यातली हॅम्बर्गची. वय साठीच्या पुढे, पेशा कोणताही: दातांचा डॉक्टर, भूमितीचा मास्तर, बंदरातला निवृत्त अधिकारी. अंगात पावसाळी जाकीट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत विजेरी, घडीची मोजपट्टी, वही आणि बूट. बूट महत्त्वाचे. ऑर्गनला हाताच्या पट्ट्या असतात तशा पायाच्याही असतात, आणि त्यांच्यावर रस्त्यातले बूट टेकवणं हे महापाप. म्हणून पातळ चामडी तळव्याचे, अरुंद, वर्षानुवर्षं फक्त याच कामाला वापरलेले बूट बरोबर आणायचे. आपण देवळात जाताना चपला काढतो. हा चर्चमध्ये येऊन बूट चढवतो.

वर्षातून एकदोनदा अशी पंचवीस-तीस माणसं एक बस ठरवतात आणि दिवसभरात चार-पाच ऑर्गन 'करून' येतात. नुसते बघून नव्हे, वाजवून. हॅम्बर्गकरांना त्यासाठी लांब जावं लागत नाही. एल्बे नदीच्या काठाकाठानं श्टाडेपर्यंत आल्टेस लांड नावाचा सखल मुलूख आहे. सफरचंदाच्या आणि चेरीच्या बागा, पाणी अडवायला घातलेले बांध, आणि गावागावांत विटांचं एक चर्च. त्या चर्चमध्ये गावाच्या मानानं भलताच मोठा ऑर्गन. इथले शेतकरी सधन होते, आणि सधन शेतकऱ्याला शेजारच्या गावाचं बरं बघवत नाही, हा माझा तर्क. श्टाइनकिर्शेनला १६८७ साली २८ खुंट्यांचा ऑर्गन झाला. दुसऱ्याच वर्षी नॉयनफेल्डला ३४ खुंट्यांचा. खुंटी म्हणजे नळ्यांचा एक अख्खा संच. ती ओढली की त्या संचाला वाट मिळते: बासरीचा आवाज, तुतारीचा आवाज, नाकात बोलणारा आवाज. दोन्ही ऑर्गन एकाच माणसाचे, आर्प श्निटगरचे. त्यानं नॉयनफेल्डलाच वाडी मिळवली, आणि १७१९ साली तिथल्याच चर्चमध्ये त्याला पुरलं. बसमध्ये हे नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो. येशूचं नाव घेताना तो येत नाही.

मला या बसमध्ये शेजाऱ्यानं घुसवलं. 'भारतीय आहे, संगीत कळतं' एवढ्या पात्रतेवर. बाजूच्या आसनावरच्या गृहस्थानं माझं नाव विचारलं नाही. "शेवटचा कोणता केलात?" असं विचारलं. कोणताच नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. न ऐकलेला श्रोता या लोकांना क्वचितच मिळतो.

मग बस एल्बेच्या बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत मला बाखवर झालेला अन्याय ऐकावा लागला. हॅम्बर्गच्या याकोबी चर्चमध्ये श्निटगरचा मोठा ऑर्गन आहे, १६९३ चा, ६० खुंट्यांचा. १७२० साली तिथली वादकाची जागा रिकामी झाली आणि योहान सेबास्टियान बाखनं तिच्यासाठी नाव दिलं. जागा मिळाली हाइटमान नावाच्या इसमाला. त्यानं चर्चच्या खजिन्यात ४,००० मार्क भरले. तिथले एक पाद्री नॉयमायस्टर इतके चिडले की, साक्षात बेथलेहेमचा देवदूत जरी वाजवायला उतरला तरी पैशाविना त्याला परत उडून जावं लागेल, असं प्रवचनात बोलून गेले म्हणतात. गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीची. पण गृहस्थाच्या कपाळावरची शीर बघता नेमणूक गेल्या आठवड्यात झाली असावी. "चार हजार!" तो म्हणाला, आणि समोरच्या आसनावरून कोणीतरी मागे न बघता पुस्ती जोडली, "आणि याला वाजवता तरी येत होतं का?" देणगी भरून नोकरी हा प्रकार मला फारसा परका वाटला नाही. पण हे बोलून त्यांच्या दुःखाचं महत्त्व कमी करणं बरं दिसलं नसतं.

सहलीचा सगळा कारभार एका बाईंच्या हातात असतो. त्यांच्याजवळ यादी, शिटी आणि स्वयंपाकघरातलं अंडी उकडायचं घड्याळ. प्रत्येकाला वाजवायला दहा मिनिटं. "मी? छे, छे, मी काय वाजवणार!" असं प्रत्येक जण म्हणतो, आणि म्हणता म्हणता बूट बदलतो. एक जण दरवेळी सगळ्या खुंट्या एकदम ओढून चर्चची धूळ उडवतो. दुसरा एकेक खुंटी ओढून तीच सुरावट वाजवतो, आणि २८ खुंट्या संपायच्या आत त्याची मिनिटं संपतात. तिसरा विदोरची टोकाटा वाजवतो. ती पॅरिसमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या अवाढव्य ऑर्गनसाठी लिहिलेली. तिच्यातले निम्मे स्वर या वाद्यात नाहीतच, पण त्याला एवढंच येतं आणि तो मनाचा उदार आहे. कोणी कोणाचं ऐकत नाही. खाली बाकावर बसलेले सगळे मनात आपली दहा मिनिटं वाजवत असतात. ऐकतात त्या फक्त बरोबर आलेल्या बायका, त्याही विणता विणता. त्यातल्या एकीनं मला सांगितलं, "यांचं वाजवणं लांबलं की माझी बाही लांबते."

श्टाइनकिर्शेनला तर जुनं वाद्यच नवख्याची परीक्षा घेतं. खालच्या सप्तकात तिथे काही पट्ट्या गाळलेल्या आहेत. मोठ्या नळ्यांना धातू फार लागतो, आणि फारसे न लागणारे स्वर ठेवून पैसा कशाला घालवा? त्यामुळे ई ची पट्टी दाबली की सी वाजतो. डॉक्टरसाहेब घरच्या विजेवरच्या ऑर्गनवर रोज रियाज करून आले होते. त्यांचा डावा हात इमानानं चुकीच्या जागी पडत राहिला. खाली गृहस्थानं डोळे मिटले आणि चेहऱ्यावर अपार समाधान पसरलं. ऑर्गन अस्सल असल्याचा याहून चांगला पुरावा त्याला नको होता.

आता त्या गावात दर रविवारी वाजवणारी मुलगी. शाळेत शिकवते, किल्ली तिच्याकडे, म्हणून ती आली होती. हातात पाव होता. गृहस्थानं तिला तिच्याच ऑर्गनबद्दल पाऊण तास माहिती दिली. तिनं पाव खाता खाता सगळं ऐकलं आणि म्हणाली, "थंडीत बोटं बधिर होतात. आणि पाऊस पडला की वरची एक पट्टी खाली दबून बसते, मी ती बोटानं उचलते." गृहस्थानं घाईघाईनं वही काढली. "कोणती पट्टी?" साडेतीनशे वर्षांच्या इतिहासात ही एवढी माहिती त्याच्याकडे नव्हती.

पण सहलीचा खरा सण वेगळाच. एका गावात (नाव सांगत नाही, तिथले पाद्रीबाबा फार चांगले आहेत) एकानं हात उचलले तरी सूर थांबेना. पट्टीखालची झडप अडकली होती. वादकानं दोन्ही हात वर केले, आपण काही करत नाही हे सर्वांना दिसावं म्हणून. आणि खाली आनंदीआनंद झाला. विणणाऱ्या बायका सोडून सगळे जिन्यावर धावले. कडेचं छोटं दार उघडलं आणि विजेऱ्या घेऊन माणसं ऑर्गनच्या पोटात शिरली. आत शिडी, हात-दोन हात लांबीच्या बारीक लाकडी पट्ट्यांचं जाळं, धूळ, पेन्सिलनं लिहिलेले आकडे, करंगळीएवढ्या नळ्या आणि त्यांच्या शेजारी माणसापेक्षा उंच नळ्या. तो बेसूर भोंगा चालूच. बाहेर विदोर वाजत असताना डुलक्या घेणारी माणसं इथे श्वास रोखून उभी होती. दोष निघाला झडपेखाली गेलेल्या लाकडाच्या किसात. तो किस गृहस्थानं कागदात गुंडाळून खिशात टाकला. पुढची अर्धी घटका वाद चालला तो असा, की सूर अडकलेली मिनिटं त्या वादकाच्या दहा मिनिटांत धरायची की नाही. बाईंचं घड्याळ या काळात बंद केलेलं नव्हतं.

ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल आमच्या गृहस्थाच्या मनात प्रेम नसतं. प्रत्येक ऑर्गनला एक सोन्याचा काळ असतो आणि मग कोणीतरी येऊन तो 'सुधारतो'. हा सुधारणारा गृहस्थाचा जन्माचा वैरी. भात्याला लावलेली विजेची मोटरही त्याला मान्य नाही. पूर्वी मागच्या खोलीत एक माणूस पायानं भाते दाबायचा. त्याला डुलकी लागली की जागं करायला वादकाजवळ एक खुंटी असे, ती ओढली की आत घंटा वाजायची. जिथे अशी खुंटी शिल्लक असेल तिथे गृहस्थ ती ओढून बघतोच.

दुपारी होलर्न. १६९० चा, २४ खुंट्यांचा, लहानसा. इथे मला पहिल्यांदा सहलीला आल्याचं सार्थक वाटलं, आणि त्याचं श्रेय वाजवणाऱ्याला नाही. हा ऑर्गन जुन्या मीनटोन पद्धतीनं लावलेला आहे. तिच्यात गांधार जवळजवळ तंबोऱ्यातून निघतो तसा, शुद्ध. पेटीचा गांधार चढा लागतो ही आपल्याकडची जुनी तक्रार. १९४० साली आकाशवाणीनं पेटीला बंदी घातली तेव्हा तिच्यावरच्या आरोपांत हाही होता. ते सगळं आठवून मी सरसावून बसलो. एक साधी षड्ज-गांधार-पंचमाची मिळवण वाजली आणि कुठेही थरथर नाही, एकच घट्ट सूर उभा. मी गृहस्थाला हे सांगितलं. तो म्हणाला, "थांबा, आता किंमत ऐका," आणि वर जाऊन त्यानं ए-फ्लॅटवरची मिळवण दाबली. असा आवाज मी फक्त भांडणाऱ्या मांजरांचा ऐकला होता. काही मिळवण्या स्वर्गीय लागाव्यात म्हणून उरलेल्यांचा बळी द्यायचा, ही त्या पद्धतीची अट. इथे या लोकांत आणि माझ्यात पहिल्यांदा काहीतरी समान सापडलं.

मग कॉफी आणि केक. सफरचंदांचा मुलूख असल्यामुळे केक सफरचंदाचाच. वेळापत्रकात हा एकच कार्यक्रम वेळेवर सुरू झाला आणि त्याला दहा मिनिटांची मर्यादा नव्हती.

श्टाडेला पोचेस्तोवर सगळे दमले होते. तिथल्या कोस्मे चर्चमधला ऑर्गन बेरेंट हुसचा. श्निटगर त्याचा नातलग आणि शागीर्द, १६७५ साली काम पुरं होताना जेमतेम सत्तावीस वर्षांचा. ४२ खुंट्या. अनेकांनी आपली मिनिटं दुसऱ्याला देऊन टाकली. गृहस्थ मात्र बूट बांधून वर गेला. मला वाटलं, आता निदान बाखचं काहीतरी ऐकायला मिळेल. त्यानं एकच खुंटी ओढली, एकच पट्टी दाबली आणि ऐकत बसला. मग दुसरी खुंटी, तीच पट्टी. गाणं त्याला वाजवायचंच नव्हतं. एरवी इतकं बोलणारा माणूस अख्खा वेळ त्या एका षड्जापाशी गप्प बसला. घड्याळ वाजलं तेव्हा तो निमूट उठला आणि बूट पिशवीत घातले.

परतीच्या बसमध्ये त्यानं विचारलं, तुमच्याकडे ऑर्गन असतात का. मी म्हटलं, असतात, पण आमचा ऑर्गन चर्चमधला नाही, नाटकातला. बालगंधर्व गायचे तेव्हा साथीला तो असे. नळ्या नाहीत, धातूच्या पात्या. भाता पायानं चालवायचा.

"हवा बाहेर फेकतो की आत ओढतो?"

आत ओढतो, मी म्हटलं. पुण्यात आमच्या एका नातेवाइकांकडे तसा एक जुना पडून आहे, हेही सांगितलं. त्यानं वही उघडली. 'पुणे' असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि पेन्सिल माझ्याकडे रोखली.

"तो सुधारला कोणी?"