चवडा न वाकवणारा माणूस

सोहम समोर आला की आधी तुमच्या पायांकडे बघतो. पायांत काही प्रेक्षणीय असेल तर गप्पा तिथेच सुरू होतात. नसेल तर नाइलाजाने चेहऱ्यावर येतो. माझ्या चेहऱ्यावर तो फार लवकर येतो.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा, तिशीला टेकलेला, जाहिरात कंपनीत नोकरी करणारा हा मुलगा लांबून चालीवरूनच ओळखू येतो. टाच टेकते, पाऊल सपाट पडतं, चवडा मात्र वाकत नाही. चवडा वाकला की बुटाच्या नाकाडावर घडी पडते. तिला या मंडळींत 'क्रीज' म्हणतात, आणि ती पडली की बुटाचा भाव पडतो. म्हणून सोहम जिना आडवा उतरतो. रस्त्यात किल्ली पडली तर उकिडवा न बसता कमरेतून सरळ खाली वाकतो. ही लक्षणं बघून पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा त्याच्या आईकडे गुडघ्यांच्या तेलाची बाटली आणून दिली. "आत्तापासून चोळलंत तर पुढचं ऑपरेशन टळेल," असंही सांगितलं.

सकाळच्या लोकलला पांढरे स्नीकर घालून चढणं म्हणजे काय, हे मध्य रेल्वेवाल्याला सांगायला नको. सोहम चढतो तो रबरी स्लिपर घालून. बूट सॅकमध्ये, सॅक पोटावर, दोन्ही हात सॅकभोवती. परळला उतरून पुलाच्या जिन्याखाली अदलाबदल करायची, ऑफिसात सात-आठ तास टेबलाखाली पाय स्थिर ठेवायचे, संध्याकाळी पुन्हा स्लिपर. बुटांनी सोहमवरून जेवढा प्रवास केला आहे तेवढा सोहमने बुटांवरून केलेला नाही.

त्याच्या भाषेत बूट बाजारात येत नाहीत, 'ड्रॉप' होतात. रंगाला रंग म्हणत नाहीत, 'कलरवे' म्हणतात. न घातलेला जुना जोड हा 'डेडस्टॉक', आणि जो जन्मात मिळणार नाही तो 'ग्रेल'. चांगले जोड दुकानात जाऊन विकत घेता येत नाहीत, त्यांची सोडत निघते. म्हणजे पैसे आपलेच, पण ते खर्च करायची परवानगी मिळावी म्हणून चिठ्ठी टाकायची. सोहमच्या बाबांनी म्हाडाच्या सोडतीत वर्षानुवर्षं अर्ज भरले. मुलगा बुटांच्या सोडतीत भरतो. निकालाच्या दिवशी त्या घरात कोण कोणाची समजूत काढतंय हे कळत नाही.

आजीला त्याने एकदा एअर जॉर्डनची कथा सांगितली. आजी मेथी निवडत होती. १९८५ साल. शिकागो बुल्सचा मायकेल जॉर्डन काळे-लाल बूट घालून खेळतो. बास्केटबॉल लीगच्या नियमात ते बसत नाहीत. लीग पत्र पाठवते. दर सामन्याला पाच हजार डॉलर दंड होता आणि नाइकी तो भरत होती, अशी आख्यायिका. 'लीगने घातलेली बंदी' हीच नाइकीने जाहिरात केली आणि ६५ डॉलरचा बूट लोकांनी रांगा लावून नेला. बुटांचे अभ्यासक (असे असतात) सांगतात की लीगने हरकत घेतली तो बूट मुळात एअर जॉर्डन नव्हताच, त्याच कंपनीचा 'एअर शिप' नावाचा वेगळा बूट होता. एवढं सगळं सोहमने डोळ्यांत पाणी येईल इतक्या तन्मयतेने सांगितलं.

"दंड कंपनीनं भरला ना?" आजीने विचारलं.

"हो."

"मग ठीक आहे. आणि तुझे कोण भरतं?"

सोहमला वैराग्य आलं ते मात्र एका अभ्यासामुळे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१३ साली धावण्याच्या एका साध्या बुटाची कुंडली मांडली: ६५ सुटे भाग, ३६० प्रक्रिया आणि एका जोडामागे सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइड. बहुतेक बोजा बूट बनवताना पडतो, घालण्याने जवळपास काहीच नाही. हे वाचल्यावर सोहमने कपाट उघडलं, आतले जोड मोजले, चौदाने गुणले आणि दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने नवे बूट मागवले. पृथ्वीला अनुकूल असे.

इथून सोहमचा दुसरा अवतार सुरू होतो. पहिल्यात तो हौसेने खरेदी करायचा, आता कर्तव्य म्हणून करतो. पहिला परवडणारा होता असं त्याचे बाबा आजही म्हणतात.

आशय भावे या तरुणाच्या 'थैली' कंपनीचे बूट आले. एका जोडात साधारण दहा टाकाऊ प्लास्टिक पिशव्या आणि बारा बाटल्या मुरवलेल्या असतात, हे सोहमने घरी जाहीर केलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. या बाईने आयुष्यभर दुधाच्या पिशव्या धुऊन ओट्यामागच्या टाइल्सना चिकटवून वाळवल्या, गठ्ठे बांधून रद्दीवाल्याला घातले, आणि दाराच्या खुंटीवर पिशव्यांनी ठासून भरलेली एक पिशवी कायम टांगलेली ठेवली.

"दहाच? त्यांना म्हणावं, येऊन घेऊन जा हव्या तेवढ्या. आणि आपल्याला सूट किती देतात विचार."

त्या बुटाच्या खोक्यातही गंमत होती. पुठ्ठ्यात बेसिलच्या बिया; खोका मातीत पुरायचा, रोप उगवतं. सोहमने तो गॅलरीतल्या कुंडीत पुरला आणि खरोखरच रोपं आली. आईने पान चुरगळून वास घेतला. "तुळशीचीच जात दिसते," ती म्हणाली. मग घरात शास्त्रार्थ झाला. वंश तुळशीचा, जन्म चपलांच्या खोक्यात. शेवटी पाणी घालायचं, पण दिवा लावायचा नाही असं ठरलं. लग्नाचा प्रश्न आजीने कार्तिक द्वादशीपर्यंत पुढे ढकलला.

बुटांमागोमाग इतर वस्तूही आल्या. ट्रकच्या ट्यूबची सॅक, जी पहिल्या पावसात गॅरेजच्या वासाने लिफ्ट भरून टाकते. झुरिकच्या फ्रायटाग बंधूंनी १९९३ साली ट्रकच्या जुन्या ताडपत्रीच्या बॅगा शिवायला घेतल्या तेव्हापासूनची ही परंपरा असल्याचं तो सांगतो. आमच्याकडे विहिरीवर टायरच्या बादल्या आणि शेतात टायरच्या तळाच्या चपला त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या, पण त्यांना सोबत छापील पत्रक नव्हतं. मग बुचाच्या लाकडाचं घड्याळ. मग मेक्सिकोतल्या निवडुंगाच्या चामड्याचं पाकीट आणि अननसाच्या पानांच्या धाग्यांपासून केलेला पट्टा. आजीने ते पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं आणि एवढंच विचारलं, "उपासाला चालतं का?" बाबांनी नखाने खरवडून पाहिलं. "वरून रेक्झिन आहे रे," ते म्हणाले. त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. अशा बहुतेक वनस्पतीजन्य चामड्यांना टिकावं म्हणून पॉलियुरेथेनचा हात द्यावाच लागतो. सोहमने यावर 'ट्रान्झिशन मटेरियल' असं उत्तर दिलं. पॉलियुरेथेन हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे लग्नाला येणार आहे.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला चालवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता. त्या आठवड्यात सोहम पेटला होता. २०१९ चं भौगोलिक मानांकन, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं चामडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, सगळं त्याने एका दमात जगाला सुनावलं. पुढे कंपनीने भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचं कबूल केलं, तेव्हा हा विजय त्याने आपल्या खात्यावर टाकला आणि स्वतःसाठी पहिली कोल्हापुरी घेतली. पण कोल्हापुरी सुरुवातीला चावते. तेल लावून, घालून घालून ती पायाशी जुळवावी लागते. यातली 'घालून घालून' ही अट सोहमला जड गेली. ती चप्पल आता खोक्यात आहे. चामडं तेल मागतंय आणि सोहम त्याला सिलिका जेलच्या पुड्या देतोय.

नवीन घेणं पाप असं ठरल्यावर त्याने जुन्या बाजाराची वाट धरली. कामाठीपुऱ्यातल्या डेढ गल्लीत शुक्रवारी पहाटे बुटांचा बाजार भरतो, उजाडून ऊन चढेपर्यंत आटोपतो. सोहम गुरुवारी रात्रीच परळला मित्राकडे मुक्कामाला जातो. पहाटे चारला मोबाइलचे टॉर्च लावून शेकडो माणसं जमिनीवरच्या ढिगांवर ओणवी झालेली असतात. सोहम एक जोड उचलतो, जीभ बाहेर ओढून आतलं लेबल वाचतो, शिवणीचे टाके मोजतो, मग बूट नाकाला लावून डोळे मिटतो. गोंदाच्या वासावरून अस्सल आणि फर्स्ट कॉपी ओळखता येते म्हणे. एकदा त्याचं हे नाकाला लावणं इतकं लांबलं की विक्रेता म्हणाला, "भाई, पहनना है कि पूजा करना है?"

तिथेच त्याला तो जोड सापडला. जॉर्डन फोर, बारा-तेरा वर्षांपूर्वीचा, कधीही न घातलेला, मूळ खोक्यासकट. खरा डेडस्टॉक. नवा कार्बन शून्य, क्रीज शून्य. दोन्ही अवतारांचं समाधान एका खोक्यात. मामेभावाच्या लग्नात मुहूर्त करायचा ठरला.

लग्न कल्याणच्या कार्यालयात होतं. सोहमकडे नवऱ्याच्या मोजड्या सांभाळायचं काम आलं, आणि मी एवढंच म्हणेन की कोणत्याही वऱ्हाडात एवढी योग्य नेमणूक मी पाहिलेली नाही. मुलीच्या बहिणींची टोळी टपून होती. सोहमने अंतरपाट धरायच्या आधीच मोजड्या शेल्यात गुंडाळल्या, पंगतीच्या हॉलमधून मागच्या बोळात गेला, तिथून जिन्याने वरच्या सामानाच्या खोलीत, आणि भांड्यांच्या रिकाम्या पिंपात लपवून मंगलाष्टकांना परत येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर अपार शांती.

आता पॉलियुरेथेन. बुटाच्या मधल्या तळाला वापरलेला हा फेस हवेतली ओल धरून आतल्या आत तुटत जातो. घातला काय, न घातला काय. उलट वापरातला जोड चार दिवस जास्त तग धरतो असं जाणकार सांगतात. या जोडाने खोक्यात बसून मुंबईचे बारा-तेरा पावसाळे काढले होते. सोहमने पहिलं पाऊल टाकलं तेव्हापासूनच त्याचा भुगा पडायला लागला होता, आणि चवडा न वाकवण्याच्या नादात त्याला कळलंही नव्हतं. मांडवातल्या लाल गालिच्यावर पांढरट चुऱ्याची रेघ उठली होती. ती पंगतीच्या हॉलमधून गेली होती, बोळातून वळली होती, जिना चढली होती आणि सामानाच्या खोलीतल्या तिसऱ्या पिंपाशी थांबली होती. सगळ्यात धाकट्या, आठ वर्षांच्या मेहुणीने ती वाचली. अकरा हजार मागितले, पाच हजारांवर तुटलं. नवऱ्याने सोहमकडे पाहिलं तेव्हा सोहम उजवा पाय उचलून उभा होता. डावा सोल आधीच सप्तपदीच्या वाटेवर राहिला होता.

दुसऱ्या दिवशी तो जोड घेऊन तो स्टेशनबाहेरच्या मोच्याकडे गेला. मी भाजी घेऊन येत होतो, म्हणून थांबलो.

"किती वर्षं वापरला?" मोच्याने रापीने उरलेला फेस खरवडत विचारलं.

"दोन तास."

मोच्याने रापी खाली ठेवली आणि एकदा माझ्याकडे बघून घेतलं. मग काही न बोलता टायरचा तुकडा शोधला, मापाने कापला, आरीने भोकं पाडून मेणाच्या दोऱ्याने चौफेर शिवला. अडीचशे रुपये. सोहमने टायर कोणत्या ट्रकचा हे विचारलं, ट्रक कुठे चालायचा हे विचारलं, आणि रात्री फोटो टाकून लिहिलं की हा सोल नाशिक-मुंबई रस्ता पायाखाली घालून आलेला आहे. खरं असेल तर सोहमच्या सगळ्या बुटांनी मिळून तेवढं अंतर कापलेलं नव्हतं.

फोटो भलताच चालला. परळ, पवई, पार ठाण्यापासून सोहमचे बूटमित्र खोकी घेऊन डोंबिवलीला येऊ लागले. कुणाच्या फेसाचा भुगा झालाय, कुणाची टाच निघालीय. मोच्याने पेटीवर खडूने 'रिस्टोरेशन' लिहून घेतलं (अक्षर सोहमचं), दर आठशेवर नेला आणि पुतण्याला गावाहून बोलावून घेतलं. सोहम अधूनमधून तिथे बसून नंबर लावून देतो. बसतो अर्थात पाय सरळ पसरून.

परवा माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी गेलो. दोन टाक्यांचं काम. मोच्याने चप्पल हातात न घेताच शेजारच्या खोक्यांच्या उतरंडीकडे मान केली.

"शनिवारी या, काका. आधी ड्रॉप आहे."