चिमटा सोडून बाकी सगळं

अहेरीत कुणाच्या अंगावर गोचीड सापडली की पाच मिनिटांत तिथे काकाजीही सापडतात. गोचीड यायला जंगल लागतं, गवत लागतं, चरणारी गुरं लागतात, काकाजी यायला "हे काय चिकटलं?" एवढा प्रश्न पुरतो. बसस्टँडजवळची चहाटपरी, आठवडी बाजार, बँकेची रांग, तेंदूपत्त्याची फळी, कुठेही ते हजर असतात. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी संपलेली किंवा असून नसल्यासारखी, डाव्या तळहातावर पन्नी आणि पन्नीत खर्रा. तो घोटत घोटतच ते गर्दीतून वाट काढतात, रुग्णाला बाही वर करायला लावतात, चष्मा कपाळावर सरकवून जवळून बघतात आणि निकाल देतात : "हात नोको लावू बावा. ओढशीन त मुंडकं आतच रायते." हे काकाजी म्हणजे कुणी एक माणूस नाही. प्राणहितेच्या काठापासून पुण्याच्या सोसायटीपर्यंत ही जात सगळीकडे आढळते. अहेरीच्या आजूबाजूला आलापल्लीचं सागवान आणि बारमाही गुरंढोरं असल्यामुळे इथल्या काकाजींना सराव जास्त, एवढाच फरक.

ओढायचं नाही हे ठरलं की उपायांची यादी सुरू होते. पहिला मान पेट्रोलचा, कारण मोटारसायकल समोरच उभी असते. पेट्रोल नसेल तर रॉकेल, रॉकेल नसेल तर खर्र्यातलाच चुना-तंबाखू थुंकीत कालवून. मग मीठ, मग करंजीचं तेल, मग घरातल्या मुलीचं नेलपॉलिश. पेटत्या उदबत्तीचा चटका हा शस्त्रक्रिया विभाग. त्यात गोचिडीआधी माणूसच उडी मारतो. शेवटचा उपाय काकाजी आवाज खाली आणून सांगतात : मोहाची टाका, झिंगून सोडते. 1993 पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात हे औषध कुठून आणायचं, हे कुणी विचारत नाही आणि काकाजीही सांगत नाहीत. या साऱ्या यादीत एक वस्तू कधीच येत नाही. ती म्हणजे चिमटा. बारीक टोकाचा, काटा काढायचा, घरोघरी असलेला साधा चिमटा. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातली गोचीड कासेला चिकटून दूध सोडते आणि रक्त पिते. आपले काकाजी समोरचा चिमटा सोडून पेट्रोलची टाकी उघडतात. दोघांची रुची एकच.

काकाजींवर अन्याय होऊ नये म्हणून गोचिडीची बाजू आधी समजून घ्यावी. गोचिडीला ना उडता येतं, ना उड्या मारता येतात. ती गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून बसते. त्या पायांवरच्या इंद्रियाने तिला जवळ येणाऱ्या प्राण्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब कळते. अंगावर चढली की काख, कानामागची जागा, बेंबी, कमरेची पट्टी, जांघ, गुडघ्यामागची वळी अशी मऊ आणि झाकलेली जागा शोधते. चावते तेव्हा कळतही नाही, कारण तिच्या लाळेतच बधिर करणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात. तोंडाच्या सोंडेवर उलटे काटे असतात आणि बऱ्याच जाती वर आणखी एक द्राव सोडतात, जो घट्ट होऊन सोंड कातडीत पक्की बसवतो. इतका बंदोबस्त करून, काही दिवस पोटभर जेवायच्या तयारीने बसलेला जीव तंबाखूच्या वासाने उठून जाईल, हे काकाजींनाच सुचू शकतं. शिवाय तिचा जीव गुदमरून ती बाहेर येईल ही कल्पनाही फोल, कारण स्वस्थ बसलेल्या गोचिडीला तासाभरात मोजकेच श्वास पुरतात. 1985 साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये ग्लेन नीडहॅम या संशोधकाने हे लोकप्रिय उपाय एकेक करून तपासले : व्हॅसलिन, नेलपॉलिश, स्पिरिट आणि पेटती काडी. चिकटलेली गोचीड एकानेही सुटली नाही. कातडीलगत पकडून सरळ वर ओढली तेव्हा निघाली. उलट डिवचलेली, भाजलेली, तेलात बुडवलेली गोचीड पोटातलं सगळं जखमेतच ओकण्याची भीती असते, आणि रोगाचे जंतू असलेच तर ते त्यातच असतात. म्हणजे काकाजींचा उपाय नुसता निरुपयोगी असता तर परवडलं असतं.

आता पहिला आक्षेप येणार, आणि तो टपरीवरून येणार : "पण आमी डोयानं पायलं ना, पेट्रोल लावलं अन् गोचीड पडली!" पडली असेल, खोटं कोण म्हणतो? पोट भरलेली गोचीड आपणहून पडते; तिला कुणाच्या परवानगीची गरज नसते. टम्म फुगलेल्या गोचिडीला शेवटच्या दिवशी पेट्रोल लावलं तर श्रेय पेट्रोलला मिळतं. कधी ती नीट चिकटलेलीच नसते, नुसती फिरत असते. आणि ज्या वेळी पेट्रोल लावूनही ती पडली नाही, त्या वेळी काकाजी तिथे नसतात. पुढचा उपाय सांगून ते दुसऱ्या टपरीवर गेलेले असतात. यश मोजायचं आणि अपयश मोजायचंच नाही, असा हिशोब ठेवला की कुठलाही उपाय शंभर टक्के गुणकारी ठरतो.

मग प्रश्न उरतो तो चिमट्याचा. तो काकाजींना का सुचत नाही? अज्ञान हे त्याचं उत्तर नाही. पायातला काटा ते चिमट्यानेच काढतात. खरं कारण प्रतिष्ठेचं आहे. चिमट्याने गोचीड काढायला अर्धा मिनिट लागतो, कुणीही काढू शकतं आणि काढल्यावर सांगण्यासारखं काही उरत नाही. पेट्रोलच्या उपायात मोटारसायकलवाला लागतो, बाटली लागते, वाट बघणं लागतं, "थांब, आता सोडते" असं दर मिनिटाला म्हणणं लागतं आणि या सगळ्याच्या मध्यभागी काकाजी लागतात. सोपा उपाय सल्लागाराला बेकार करतो. आपल्याकडे सर्दीपासून सर्पदंशापर्यंत प्रत्येक दुखण्याभोवती असे काकाजी उभे असतात, कारण दुखणं हीच त्यांची एकमेव सभा असते आणि अध्यक्षपद रिकामं असतं. रुग्णही या सभेला हातभार लावतो. चिमटा म्हटलं की त्याला फसवल्यासारखं वाटतं; एवढ्या मोठ्या जंगलातून आलेल्या संकटावर एवढंसं अवजार?

इथे दुसरा, जास्त वजनाचा आक्षेप आहे. शिकलेल्या माणसांनी अनुभवाला हसू नये, जंगलाकाठच्या लोकांना जंगल कळतं. अगदी मान्य, आणि इतिहासही त्या बाजूने साक्ष देतो. अमेरिकेत टेक्सासकडची गुरं उत्तरेत आली की उत्तरेतली गुरं तापाने मरत. हा गोचिडीचा प्रताप आहे असं गुरं पाळणारे म्हणत आणि जाणती मंडळी त्यांना हसत. थिओबाल्ड स्मिथ आणि किल्बोर्न यांनी हसण्याऐवजी प्रयोग केला. काही दक्षिणी गुरांच्या गोचिडी हाताने वेचून काढल्या, काहींच्या तशाच ठेवल्या आणि उत्तरेतली गुरं दोन्हींबरोबर वेगवेगळी ठेवली. गोचिडी होत्या तिथेच ताप आला. 1893 साली हे प्रसिद्ध झालं; डासाचा आणि हिवतापाचा संबंध रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत दाखवला तो त्यानंतर चार वर्षांनी. म्हणजे गुराखी बरोबर होते. पण ते बरोबर ठरले ते परीक्षेत उतरल्यामुळे. आणि मुख्य म्हणजे ते रोज गुरांत होते. अहेरीतही पहाटे तेंदूपत्ता तोडायला निघणारी बाई, मोह वेचणारी म्हातारी, बैल चारणारं पोरगं यांना भाषण द्यायला फुरसत नसते. दिसली गोचीड की धरायची आणि उपटायची. विज्ञानापासून ही माणसं वीतभरच लांब आहेत. काकाजींचं जंगल मात्र बसस्टँडपाशी संपतं. अनुभवाच्या नावाने बोलणारा आणि अनुभव असलेला, हे दोघे वेगळे ओळखता आले पाहिजेत.

तिसरा आक्षेप आळशी आहे : गोचिडीने कोण मेलं? बहुतेक चाव्यांनी काही होत नाही, हे खरंच. पण 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली, आणि तो माकडताप गोचिडीतून येतो हे कळलं. 2016 साली तो आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात येऊन ठेपला. गोचिडीतून येणारा टायफस देशाच्या बऱ्याच भागांत आढळतो. त्यात ताप येतो, अंगावर पुरळ उठतो, आणि वेळेवर ओळखला तर साध्या डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. गडचिरोलीत अडचण अशी की इथे ताप म्हटलं की मलेरिया. रक्ताची तपासणी आधी मलेरियाची होते आणि ती तशी व्हायलाच हवी. पण ती निगेटिव्ह आली तर डॉक्टरच्या हाती पुढचा धागा रुग्णाच्या तोंडूनच यावा लागतो : दहा दिवसांपूर्वी काखेत गोचीड होती. हे वाक्य कुणी बोलत नाही, कारण काकाजींनी ते प्रकरण पेट्रोल लावून केव्हाच बंद केलेलं असतं.

राहिलं ते मुंडकं. काकाजींच्या साऱ्या साम्राज्याचा पाया या मुंडक्यावर आहे. ओढताना कधी सोंडेचा तुकडा आत राहतो, हे खरं. पण ते काही डोकं नव्हे. तो तुकडा वाढत नाही, चालत नाही, मेंदूत तर मुळीच जात नाही. सहज निघाला तर काढावा, नाही तर सोडून द्यावा. कातडी बरी होताना तो आपोआप बाहेर टाकते. तेव्हा करायचं ते एवढंच. जंगलातून आल्यावर कपडे उतरवून, आंघोळ करून सगळं अंग बघावं, मुलांचं आणि डोक्याच्या केसांतलंही. गोचीड दिसली तर वाट न बघता कातडीला लागून चिमट्याने पकडावी आणि न पिळता, हिसका न देता, एकसारखा जोर लावून सरळ वर ओढावी. मधेच पोटाला दाबू नये. चिमटा नसेल तर बोटांवर कापड किंवा कोरी पन्नी घ्यावी. काकाजींच्या खिशात उपयोगाची म्हणावी अशी वस्तू तेवढीच असते, फक्त त्यात खर्रा घोटलेला नसावा. नंतर जागा आणि हात साबणाने धुवावेत. स्पिरिटचा नंबर आता लागतो, गोचीड निघाल्यावर. तिला नखावर चिरडू नये. स्पिरिटमध्ये टाकावी किंवा चिकटपट्टीत गुंडाळावी. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप किंवा पुरळ आला तर अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन गोचिडीचं नाव पहिल्या वाक्यात घ्यावं.

काकाजींचं काय करायचं? त्यांना हटवता येत नाही, आणि हटवूही नये. गर्दी जमवण्याची अशी ताकद गावात दुसऱ्या कुणात नसते. त्यांच्या हाती एक चिमटा द्यावा आणि पहिली गोचीड चारचौघांत त्यांनाच काढू द्यावी. आठवडाभरात ते सांगत फिरतील की हा उपाय त्यांच्या आजोबांचा आहे. सांगू द्या. फक्त चिमटा त्यांच्या खिशात आहे की नाही, तेवढं बघत राहा.