पडद्यावरची जुळी: निलंग्यातल्या नव्या सोनोग्राफीवाल्यांसाठी

निलंग्यात सोनोग्राफीच्या खुर्चीवर नव्यानं बसलात, अभिनंदन. आधी मशीनचा स्वभाव ओळखा. ते खोटारडं नाही, भोळं आहे. आवाज सरळ जातो, एकदाच आदळून सरळ परततो आणि शरीरात सगळीकडे सेकंदाला १५४० मीटर धावतो, अशी त्याची ठाम समजूत. परतायला लागलेल्या वेळावरून ते अंतर काढतं आणि ठिपका मांडतं. चरबी, हवा, हाड यांना ही समजूत कुणी कळवलेली नसते.

जुळ्यांचा धडा पहिला, कारण त्यात बभ्रा मोठा. दीड-दोन महिन्यांचे दिवस, प्रोब बेंबीखाली मधोमध आडवा, आणि पडद्यावर शेजारी-शेजारी दोन पिशव्या. सासूबाईंची नजर तुमच्याहून तेज. "दोन दिसायलेत की ओ डॉक्टर!" तुम्ही गप्प राहा. पोटाच्या मध्यरेषेलगतचे दोन उभे स्नायू आणि मधली चरबी लहरींना वाकवतात, म्हणून एकच पिशवी दोनदा उमटते. प्रोब बाजूला सरकवा, उभा फिरवा. एक गेली, तर ती नव्हतीच. दोन्ही टिकल्या, तर सासूबाईंचं अभिनंदन करा.

बाहेर लघवी रोखून बसलेल्या बाईला ताटकळत ठेवून चहाला जाऊ नका. भरलेल्या मूत्राशयातून लहरी फारशा न थकता जातात, म्हणून मागचं सगळं उजळ दिसतं. तो आजार नव्हे. गेन कमी करा. गुदाशयातल्या हवेवर आपटून हेच मूत्राशय कधी गर्भाशयामागेही उमटतं आणि नवशिका 'गाठ' लिहून मोकळा होतो. बाईंना लघवीला पाठवा, मग बघा. खरी गाठ लघवीवाटे जात नसते.

तांबीमागे समांतर रेघा दिसल्या तर मोजू नका, तांबी एकच बसवलेली असते. बाळाच्या डोक्याच्या कडांपासून निघणाऱ्या काळ्या पट्ट्या सावल्या असतात. एका लयीत नाचणारे पट्टे दिसले तर शेजारची बोअरची मोटर चालू आहे का विचारा. काहीच दिसलं नाही तर गॅसचं नाव घ्यायची प्रथा आहे, आणि इथे निलंगा राईसवर खापर फोडायचीही सोय आहे. पण आधी जेल पुरेसं लावलंय का बघा.

एक गोष्ट मात्र ओळखता आली तरी सांगायची नाही. राज्यानं कायदा १९८८ मध्येच केला होता, देशाचा १९९४ चा. फॉर्म एफ देशाच्या कायद्याखालच्या नियमांतला, तो चोख भरा. तरी नवरा दाराशी रेंगाळून विचारील, "पेढा का बर्फी?" भिंतीवरचा बोर्ड दाखवा. चष्मा घरी राहिला म्हणाला, तर बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा वाचून दाखवा.