स्नॉरलॅक्स पुण्याला निघतो

पोकेमॉनच्या पत्त्यांच्या स्पर्धेत वयानुसार तीन गट असतात: ज्युनिअर, सीनिअर आणि मास्टर. मास्टर व्हायला काही यावं लागत नाही, नुसतं लवकर जन्मावं लागतं. सहकारी बँकेच्या कॅश काउंटरमागे उभा जन्म गेला, पण मला कुणी साधं 'साहेब' म्हटलं नाही. इथे फॉर्म भरला आणि मास्टर झालो. ही बातमी मी घरात दिली तेव्हा बायको मेथी निवडत होती. "अहो मास्टर, देठं उचला," एवढंच म्हणाली.

हा नाद मूळचा माझा नाही. चिरंजीव लहान असताना त्यांना खेळायला गडी लागायचा. आईला वेळ नव्हता, शेजारचा मुलगा हरला की रडायचा, उरलो मी. पुढे चिरंजीव दहावीत गेले, मग गिटार आली, मग जिम, मग कुणीतरी एक मुलगी, आणि त्यांचा नाद सुटला. माझा राहिला. मुलाच्या हट्टापायी आणलेला कुत्रा शेवटी बापच फिरवतो, त्यातलं झालं.

ज्यांनी हे पत्ते पाहिले नाहीत त्यांनी बावन्न पानं आणि चार रंग डोक्यातून काढून टाकावेत. इथे प्रत्येकाने आपापला साठ पानांचा कॅट घरून जुळवून आणायचा. एका नावाची चारच पानं चालतात. फक्त साध्या एनर्जीच्या पानांना मर्यादा नाही. पानं बंद पाकिटातून विकत घ्यायची, आत काय निघेल ते नशीब. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणिताच्या माणसाने 1993 साली 'मॅजिक: द गॅदरिंग' काढून जगाला हे व्यसन लावलं. पोकेमॉनचे पत्ते जपानात 1996 साली आले. पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक इंग्रजी अक्षर असतं आणि अधूनमधून जुन्या अक्षरांची पानं मोठ्या स्पर्धांतून बाद होतात. त्यावर पोरं फार हळहळतात. मी हळहळत नाही. 8 नोव्हेंबर 2016 नंतरचे आठवडे ज्याने काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहेत, त्याला पान बाद होण्याचं काय वाटणार?

बँकेचा एक फायदा मात्र झाला. आपल्याकडे स्टेशनाबाहेर, खेळण्यांच्या दुकानात सोनेरी वर्खाचे पोकेमॉन पत्ते ढिगाने मिळतात, ते सगळे खोटे. अस्सल पानाच्या दोन कागदांमध्ये एक काळसर थर असतो, त्यामुळे उजेडासमोर धरलं तरी पलीकडचा उजेड फारसा येत नाही. खोटं पान दिव्यासमोर लगेच उघडं पडतं. पान हातात आलं की मी आधी ट्यूबलाइटकडे धरतो. समोरच्याला हे अपमानास्पद वाटतं. नोटांच्या बाबतीतही वाटायचं.

तर शनिवारी पहाटे डोंबिवलीहून निघून कल्याणला इंद्रायणीत चढलो. समोर चौघांनी गुडघ्यांवर वर्तमानपत्र अंथरून मेंढीकोट मांडला होता. मी आपला खिडकीशी बसून कॅट एकदा मोजून घेत होतो. मोजताना माझं बोट आपोआप स्पंजची डबी शोधतं, ती नसली की जिभेकडे जातं.

"कुठले पत्ते हे, साहेब?" चौघांतले एक जाडसर गृहस्थ म्हणाले. ट्रेनमध्ये का होईना, 'साहेब' आलं. मी विरघळलो.

"पोकेमॉन."

"हुकूम काय ह्यात?"

"हुकूम नसतो."

"उतारी?"

"तीही नाही."

"मग खेळता काय?"

मी स्नॉरलॅक्स दाखवला. आमच्या कॅटचा हा कणा. अगडबंब, झोपाळू प्राणी. त्याचा गुण एवढाच की तो पुढे ठाण मांडून बसला की समोरच्याच्या पुढच्या गड्याला मागे फिरता येत नाही. आपण हल्ला करायचा नाही. समोरच्याचा कॅट संपेपर्यंत बसून राहायचं. ओढायला पान उरलं नाही की तो हरतो. चिरंजीवांनी हा डाव माझ्यासाठी मुद्दाम बांधला होता. "बाबा, तुम्हाला जमेल," म्हणाले होते. काय म्हणायचं होतं ते तेव्हाच कळलं होतं.

"हा आमच्या ऑफिसात होता," गृहस्थ म्हणाले. "गेल्या वर्षी रिटायर झाला." मग स्नॉरलॅक्स डब्यात फिरला. चारही स्नॉरलॅक्स फिरले, कारण प्रत्येकाला आपापल्या ऑफिसातला कुणीतरी त्यात दिसला. एवढ्यात कर्जत आलं. घाट चढवायला मागून जादा इंजिनं लागली, खिडकीतून वडे आले. पुढचं सांगायला नको. बोरघाटात काय काय दिसतं ते मला विचारू नका, मी पूर्ण घाट रुमालाने स्नॉरलॅक्स पुसत होतो.

हे पत्ते नुसते खेळत नाहीत. प्रत्येक पान प्लॅस्टिकच्या कव्हरात घालतात, मागची बाजू सगळ्यांची एकसारखी. पुणे स्टेशनवरून मेट्रोने डेक्कनला उतरलो, तिथून जवळच एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा होती. जज म्हणून एक विशी-बाविशीचा, अतिशय सभ्य मुलगा होता. त्याने माझा कॅट हातात घेतला, उजेडात तिरका धरला (मला तो एकदम आवडला) आणि म्हणाला, "काका, ही पानं मार्क्ड आहेत."

शनिवारवाड्याच्या गावात कुणी 'काका' म्हटलं की मी आधीच दचकतो.

"तेलाचे डाग आहेत. आणि डाग फक्त चारच पानांना आहेत. चारही स्नॉरलॅक्स." तो अजिजीने बोलत होता. "म्हणजे वरचं पान स्नॉरलॅक्स आहे की नाही, ते तुम्हाला न बघता कळणार. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही."

मुद्दाम! ज्याच्या गल्ल्यात संध्याकाळी रुपया इकडचा तिकडे झाला नाही, त्याच्यावर कर्जतच्या वड्याने हा प्रसंग आणला. चारच कव्हरं बदलून भागणार नव्हतं, कारण नवी चार जुन्या छप्पन्नांत आणखी उठून दिसली असती. तशी जुनी मिळेनात. चिरंजीवांनी केव्हातरी घेतलेली. कॅफेतला साठा आदल्याच दिवशी संपला होता. अकराला पहिली फेरी. तोवर साठ एकसारखी कव्हरं आणा, नाहीतर बघत बसा.

पुण्यात कागद, वही, फाइल, कव्हर म्हटलं की आप्पा बळवंत चौक. रिक्षा केली. लकडी पुलावर रिक्षा तुंबली तेव्हा आठवलं, हा पूल नानासाहेब पेशव्यांनी 1761 साली बांधवला, तो पानिपताहून हरून येणाऱ्या सैन्याला नेहमीच्या वाटेने गावात शिरायची लाज वाटू नये म्हणून, असं सांगतात. ज्यांच्या नावाचा चौक त्या आप्पा बळवंत मेहेंदळ्यांचे वडील बळवंतराव पानिपताच्याच मोहिमेत पडले. माझ्या वाटेवरची दोन्ही स्थळं एकाच पराभवाची निघावीत ह्यात मला काही शुभ दिसेना. रिक्षावाल्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "मीटरप्रमाणेच होतील."

पहिल्या दुकानात मी म्हटलं, "63 बाय 88 मिलिमीटरची कव्हरं द्या, साठ."

"साठ ओळखपत्रं? शाळा कुठली?"

"शाळा नाही. पत्त्यांना घालायची आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

दुसऱ्या दुकानातले आजोबा भले होते. त्यांनी फूटपट्टी काढली, माझा स्नॉरलॅक्स मोजला, आणि मग आम्ही दोघांनी मिळून दुकानातली झाडून सगळी कव्हरं मोजली. आधारकार्डाचं कव्हर, पॅनचं, एटीएमचं: सगळी जेमतेम 54 मिलिमीटर रुंदीच्या कार्डांची. भारत सरकार देईल त्या कुठल्याच कव्हरात पोकेमॉन बसत नाही हा शोध मला घड्याळात साडेदहा वाजलेले असताना लागला. बसपासचं कव्हर रुंदीला बसलं, पण वर बोटभर मोकळं. लग्नपत्रिकेच्या कव्हरात चार स्नॉरलॅक्स एकत्र मावले.

"पण पत्त्यांना कव्हर हवं कशाला?" आजोबांनी शेवटी विचारलं. "आम्ही पन्नास वर्षं लॅडीस खेळतोय. उघड्याच पानांनी."

मी सगळं सांगितलं. तेल, वडा, कर्जत, जज. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. आमच्यात एकजण राणीच्या पानाला नख मारून ठेवायचा." मग फूटपट्टी जागेवर ठेवली आणि काही न घेतल्याबद्दल मला काही बोलले नाहीत. पुण्यात हा प्रसंग घडू शकतो, हे नोंदवून ठेवावंसं वाटलं.

रिकाम्या हाताने परत आलो तर जिन्यात एक मनुष्य भेटला. त्याच्या हातात जाड पारदर्शक डबीत बंद केलेलं एक पान. "तुमच्याकडे काही भारी आहे का? कितीला द्याल?" मी म्हटलं, "खेळायला आलोय." तो हसला, आणि ते हसणं माझ्या डोक्यात गेलं. ह्या लोकांनी पोरांच्या खेळाचा सराफा करून ठेवला आहे. पाकीट फोडायचं, चकचकीत पान बाजूला काढायचं, बाकीची टाकून द्यायची, आणि त्या चकचकीत पानाला पुन्हा आयुष्यभर कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्यांच्या पैशांना हात लावण्यात माझी नोकरी गेली. पैसे कसे दिसतात ते मला चांगलं माहीत आहे. पानाची किंमत सांगणाऱ्या माणसाला त्या पानावरचा मजकूर विचारावा. येत नाही.

वर माझ्या टेबलापाशी एक नऊ-दहा वर्षांची मुलगी उभी होती. "काका, तुम्हीच ना ते तेलवाले?"

नाकारण्यात अर्थ नव्हता. तिने दप्तरातून कव्हरांचं नवं, न फोडलेलं पाकीट काढलं. गुलाबी. "ह्यात पासष्ट असतात. पाच जास्तीची. फाटली तर वापरायची. मॅच झाल्या की परत द्या." पैसे देऊ लागलो तर तिने हात मागे घेतला. "परत द्या म्हटलं ना."

मग आम्ही दोघं बसलो. ती जुनी कव्हरं काढत होती, मी नवी चढवत होतो. गड्डी, टोक, ठोक, पुढचं. काउंटरवरची सवय, बोटांना वय होत नाही. ती हात थांबवून बघायला लागली. "तुम्ही मशीन आहात का?" मग लगेच: "थुंकी नका लावू हं."

पहिल्या फेरीत माझ्यासमोर इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. सुरुवातीला सात पानं ओढायची, त्यात एकतरी 'बेसिक' पोकेमॉन लागतो. नसला तर हात दाखवायचा, पिसायचं, परत सात. आणि दर वेळी समोरच्याला एक पान फुकट. माझ्या कॅटमध्ये बेसिक आठच. हिशेब केला तर शंभरातल्या पस्तीसेक वेळा हात रिकामाच येणार. तो येतच राहिला. समोरचा मुलगा दर वेळी पान ओढताना "सॉरी काका" म्हणत होता. पहिली चाल होण्याआधीच त्याचा हात माझ्या दुप्पट जाड झाला. दुसऱ्या फेरीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अर्ध्या तासाची वेळ होती, ती पुरी लागली नाही.

ह्या स्पर्धा स्विस पद्धतीच्या असतात. बुद्धिबळवाल्यांनी 1895 साली झुरिकला पहिल्यांदा वापरलेली. हरलेल्याला घरी पाठवत नाहीत. हरलेल्याची गाठ हरलेल्याशी घालतात, आणि टेबल एकेक मागे सरकत जातं. तिसऱ्या फेरीला मी बेसिनशेजारच्या टेबलावर होतो. मंडळी थोडी म्हणून सगळे वयोगट एकत्रच खेळत होते. समोर येऊन बसली ती गुलाबी पाकीटवाली.

तिचा हात लहान. सात पानं एका मुठीत मावेनात, म्हणून तिने ती पाण्याच्या बाटलीला टेकवून उभी केली, आपल्याकडे तोंड करून. आमचे चिरंजीव लोणच्याच्या बरणीला टेकवायचे. बरणी मध्ये असल्यामुळे त्यांचं नुसतं कपाळ दिसायचं, आणि चांगलं पान आलं की ते कपाळ हलायचं. आता ते एकशे ऐंशी सेंटिमीटर आहेत आणि त्यांच्या कपाळावरून काही कळत नाही. मी जरा वेळ पान टाकायचं विसरलो.

"काका, तुमची पाळी."

मी स्नॉरलॅक्स पुढे बसवला. आता माघार नाही. तिने पानावरचा बारीक मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, कारण मी चष्मा वरखाली करत होतो, आणि मग 'स्विच' नावाचं पान टाकून आपला पुढचा गडी मागे घेतला, मागचा पुढे आणला.

"मागे फिरता येत नाही असं लिहिलंय," मी म्हटलं.

"हे मागे फिरणं नाही. बदली आहे."

बदली आणि माघार ह्यांतला फरक बँकेतल्या माणसाला मुलीने समजावून सांगायला नको होता. तरी एका चालीला ती थांबून म्हणाली, "तुमच्या हातात एनर्जी आहे ना? ती लावा, नाहीतर मी पुढच्या वेळी जिंकेन." मी लावली. ती त्याच्या पुढच्या वेळी जिंकली.

चौथ्या फेरीआधी एका मुलाची क्लासची वेळ झाली आणि त्याचे वडील त्याला घेऊन गेले. उरलेली संख्या विषम. अशा वेळी सगळ्यात तळाच्या खेळाडूला 'बाय' देतात: खेळायचं नाही आणि विजयाचे पूर्ण गुण. जजने भिंतीवर यादी लावली, त्यात माझ्या नावासमोरची जागा कोरी होती. मी कव्हरं काढून मोजली आणि परत केली. पाचही जास्तीची शिल्लक होती, गल्ला जुळला.

परतीच्या गाडीत चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, जिंकलात का एखादी?"

"एक."

"सही! कोणाला हरवलंत?"

मी म्हटलं, नाव विचारायचं राहिलं.